तिसरं उत्तर

काटकसर पद्मजाच्या अंगातच होती. भिसेगावच्या घरी साबणाचा उरलेला तुकडासुद्धा ती नव्या वडीला चिकटवून वापरायची. त्यामुळे मोहोपाड्याच्या रसायन कारखान्यातल्या कॉम्प्युटरची मेमरी भरली, तेव्हा जागा करून द्यायचं काम आपोआप तिच्याकडे आलं. साल पंच्याऐंशी. मशीन कपाटाएवढं आणि मेमरी चिमूटभर.

कारखान्यातल्या व्हॉल्व्हची स्थिती रोज सकाळी मशीनमध्ये भरत. बंद म्हणजे शून्य, उघडा म्हणजे एक आणि कळत नसेल तर दोन. जुन्या व्हॉल्व्हच्या मुठी फिरून फिरून सैल झालेल्या, तेव्हा दोन हे उत्तर नेहमीचंच. पण एवढ्याशा आकड्याला अख्खा बाईट, म्हणजे मेमरीचा एक पूर्ण खण, जात होता. पद्मजाने आकड्यांच्या सगळ्या रांगेला प्रोग्रॅमच्या एका ओळीत एकच प्रश्न विचारला: आकडा एक आहे का? असेल तर एक, नसेल तर शून्य. आता प्रत्येक व्हॉल्व्हला एक बिट, म्हणजे बाईटचा आठवा भाग, पुरे; आठ व्हॉल्व्ह एका बाईटमध्ये गुण्यागोविंदाने बसले.

तिचे साहेब गोपाळकृष्णराव म्हणजे पी हळद अन् हो गोरी. मागच्या एका दिवसाच्या आकड्यांवर ओळ तपासली, उत्तर जुळलं, की लगेच म्हणाले, "उद्यापासून चालू करा." त्या दिवसाच्या आकड्यांत नेमका एकही दोन नव्हता, हे दोघांनीही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर मोठ्या टाकीच्या व्हॉल्व्हपुढे आलं: सर्व बंद. हे उत्तर आलं की टाकीत माणूस उतरवत. त्या दिवशी काळूराम नावाचा कामगार उतरला, तळाचा थर खरवडायला. टाकीला नायट्रोजनची नळी जोडलेली होती; तिचा व्हॉल्व्ह उघडा राहिला तर आत श्वासाला हवा उरत नाही. त्या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला धड खोकलाही येत नाही, तो नुसता आडवा होतो.

पद्मजाने कौतुकाने सगळ्या कारखान्याचा गोषवारा काढला. बंद इतके, उघडे इतके. कळत नाहीत: शून्य.

तिच्या हातातला चहा तसाच राहिला. या खटारा कारखान्यात शून्य? दोनाचं काय झालं, ते तिला एका क्षणात दिसलं. दोन म्हणजे एक नव्हे, म्हणून तो बंदमध्ये जाऊन बसला होता. आणि कोणत्या व्हॉल्व्हचा, हे शोधायला मूळ आकडे उरलेच नव्हते. जागा वाचवली होती ना!

तिने टाकीच्या शेडला फोन लावला. लाइन व्यस्त.

"साहेब, काळूरामला बाहेर काढायला हवं."

"आधी खात्री करा," गोपाळकृष्णराव म्हणाले. "उगाच काम थांबलं तर वर मला उत्तर द्यावं लागतं."

"खात्री नाही, म्हणूनच काढायचंय." एवढं बोलून ती पळत सुटली.

टाकीत माणूस असला की ठोके चालू राहायला हवेत, ही तिथली रीत. आतला खरवडणीने पत्र्यावर ठोकतो, बाहेरचा पान्याने उत्तर देतो. पद्मजा साडी सावरत शेडपाशी पोचली तेव्हा तिथे काहीच ऐकू येत नव्हतं. टाकीच्या तोंडाशी बाहेरचा माणूस, सखाराम, काळूरामला बांधलेली कप्पीवरची दोरी धरून बसला होता.

"ठोके का थांबलेत?"

"आताच तर ठोकलं त्यानं, बाई. दम खात असंल."

"त्याला ओढा."

"पर मशीननं बंद सांगितलंय…"

"मशीनला कळत नाही. ओढा, सखाराम."

सखारामने पान्याने पत्र्यावर ठोकलं. उत्तर नाही. पुन्हा ठोकलं, आणि मग त्याचा चेहराच उतरला. दोघांनी दोरी ओढली. पद्मजाच्या तळहाताची सालं निघाली, पण दोरी सुटली नाही. काळूराम वर आला तो मान टाकून, ओठ राखेसारखे.

"काळू, ए काळू, श्वास घे रं." सखाराम त्याची छाती चोळत होता. पद्मजा आयुष्यात एवढी कधी घाबरली नव्हती. ती नुसती त्या छातीकडे बघत राहिली. शेवटी छाती हलली, काळूराम खोकला आणि ती तिथेच जमिनीवर बसून रडली.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. "माजी खरवडनी आतच ऱ्हायली," म्हणाला. मग त्याची नजर तिच्यावर गेली. "ह्या कोन?"

"कॉम्प्युटरवाल्या बाई."

"म्हंजे समदं बंद हाय, असं तुमीच सांगितलं व्हतं?"

"हो," पद्मजा म्हणाली. "मीच."

त्याच दुपारी तिने ओळ बदलली. आकडा शून्य आहे का? असेल तरच शून्य, नसेल तर एक. आता न कळणारा व्हॉल्व्ह उघडा धरला जाणार होता. त्याला एकही बाईट जास्तीचा लागला नाही, आणि याचाच तिला स्वतःवर सगळ्यात जास्त राग आला.

काळूराम कामावर परतला त्या सकाळी शेडमधून सखारामचा फोन आला.

"बाई, काळू इचारतोय, मशीन आज काय म्हनतंय?"

"थांबा म्हणतंय."

पलीकडे थोडं बोलणं झालं. मग सखाराम परत फोनवर आला.

"आनि तुमी काय म्हनता, ते इचारतोय."