आईचे तीन होकार

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो दाबायची मला इतकी सवय झाली आहे की धाकट्या भावाच्या मते मी घरीसुद्धा माणसांना ब्रेक मारते. मारते, कारण आमच्या घरात दुसरं कुणी मारत नाही. त्या रविवारी आईच्या स्वयंपाकघरात बसून दादा म्हणाला, "आई माझ्याकडे राहायला येणार, ठरलंय आमचं," तेव्हाही पहिली मीच ओरडले.

"कुणी ठरवलं?"

"आईनंच. मी विचारलं, ती म्हणाली येते. मागची खोली रंगवायला दिलीये आम्ही."

बारक्यानं हातातला कप खाली ठेवला. बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. दारातून वाकून आत येतो, इतका उंच झालाय, पण नाव काही सुटलं नाही. "कसं शक्य आहे? मला म्हणाली, मी वृद्धाश्रमात जाते, कुणाला त्रास नको. मी जागा बघून आलो रे. बाग आहे, नर्स आहे. नावसुद्धा नोंदवलंय तिचं."

"वा!" मी म्हटलं. "आणि मला काय म्हणाली माहितीये? हे घर सोडून कुठ्ठे जाणार नाही. दिवसभरासाठी एक बाई ठेवायची आणि मी येऊन जाऊन बघायचं. मी बाई शोधतेय गेला महिनाभर!"

मध्यंतरी आई पडली, कंबरेचं हाड मोडलं, जोडलं, आता वॉकर घेऊन चालते. पण एकटं राहणं अवघड, हे तिघांनाही पटलं होतं. शुक्रवारी वकीलबाईंकडे जायचं होतं. घर आईच्या नावावर. तिच्यानंतर तिघांना सारखं, यावर कुणाचं दुमत नव्हतं. पण आता ते विकायचं की ठेवायचं, आईच्या वतीनं सह्या कुणी करायच्या, दवाखान्यात वेळ आली तर डॉक्टरांना कुणी सांगायचं, हे सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. आई राहणार कुठे?

आई पुढच्या खोलीत कोटाला काजं करत बसली होती. आयुष्यभर तिनं त्या खोलीत लोकांचे कपडे शिवले. आता पायानं मशीन चालवता येत नाही, म्हणून हातानं होईल तेवढं करते. आम्ही तिघं तिच्यापुढे जाऊन उभे राहिलो आणि मी सरळ विचारलं.

"आई, तुला कुठे राहायचंय?"

तिनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग हसली. "तुम्ही म्हणाल तसं," असं म्हणून तिनं दातानं दोरा तोडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दादाला वाटलं, बारक्यानं तिला पढवलं. बारक्याला वाटलं, मी. मला तर दोघांचाही संशय आला, कारण लहानपणापासून मला दोघांचाही येतो. बाहेर रस्त्यावर येऊन आम्ही असे भांडलो की समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं खाली घेतलं.

मग दादानं हळूच ती गोष्ट काढली, जी तिघांच्याही मनात होती. "तिला विसरायला तर होत नाही ना?"

म्हणून आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावलं, घड्याळाचं चित्र काढायला दिलं. आईनं सगळं बिनचूक केलं. वर म्हणाली, "डॉक्टर, तुमच्या कोटाच्या बाह्या उलटसुलट लावल्यात. डावी उजवीकडे गेलीये. म्हणून हात पुढे नेताना ओढतो बघा." डॉक्टरांनी हात पुढे नेऊन बघितला. मग आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "यांची बुद्धी माझ्यापेक्षा बरी चालतेय."

आता सुटलो म्हणायचं की आगीतून फुफाट्यात पडलो, तेच कळेना. डोकं शाबूत आहे, म्हणजे ती हे समजून उमजून करतेय. पण का? आम्हाला झुंजवायला? आई तसली नाही. निदान मला तसं वाटत होतं. त्या आठवड्यात शिकणाऱ्या एका मुलीला मी डावीकडे वळ म्हणून सांगितलं आणि हात उजवीकडे दाखवला. गाडी फुटपाथवर चढली आणि चूक माझी असून मी तिलाच बोलले.

शुक्रवारी वकीलबाईंचं ऑफिस. अरुंद जिना, वर दोन टेबलं, कागदांचे ढीग, आणि एक पंखा, जो चालू केला की सगळ्या कागदांवर वजनं ठेवावी लागायची. बाई पोक्त होत्या, आवाज घोगरा. म्हणाल्या, "मृत्युपत्राचं काम सोपं असतं हो. मेल्यावर माणूस मत बदलत नाही. त्याच्या आधीचं जे असतं ना, तेच अवघड. तुम्ही तिघं बाहेर बसा. मी मावशींशी एकटीनं बोलते."

आम्ही जिन्यात बसलो, तिघं तीन पायऱ्यांवर. आत्ता उलगडा होईल, असं प्रत्येकाला वाटत होतं. आई आपलंच म्हणणं खरं ठरवणार, हेही प्रत्येकाला वाटत होतं.

दार उघडलं तेव्हा वकीलबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मी कागद करत नाही आज," त्या म्हणाल्या.

"का? काय म्हणाली?" दादा उठून उभा राहिला.

"त्यांनी आधी माझीच चौकशी केली. तुझी आई कुठे असते, म्हणाल्या. मी सांगितलं, माझ्या बहिणीकडे, गावाबाहेर. तर म्हणाल्या, अगदी योग्य केलंस बाळा, मलाही तेच हवंय, मीही माझ्या बहिणीकडेच राहीन म्हणते."

"तिला बहीण नाही," बारक्या म्हणाला.

"तेच मी विचारलं. तर म्हणाल्या, हो ना, तीच तर पंचाईत आहे." वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "हे बघा, त्यांना सगळं कळतंय. पण कागदावर त्यांची इच्छा लिहायची असते, माझी नाही आणि तुमचीही नाही. ती कळली की या."

घरी येताना गाडी मी चालवत होते. मागे दादा आणि बारक्या, पुढे आई. ती खिडकीतून बाहेर बघत होती, कुणाचा कोट मागून उचलला जातोय, कुणाची पँट आखूड झालीये, हे सवयीनं सांगत होती. जणू आम्ही कुठे फिरायला गेलो होतो. दोघा भावांना वाटेत सोडलं. एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत झाली होती आमच्या घराची, आणि जिनं केली ती शेजारी मजेत बसली होती.

तिला तिच्या खोलीत नेऊन खुर्चीत बसवलं, वॉकर बाजूला ठेवला आणि मीही स्टूल ओढून समोर बसले.

"आई, तू तिघांना तीन गोष्टी सांगितल्यास. आणि त्या परक्या बाईला चौथी."

"मग? खोटं काय त्यात?" तिला खरंच नवल वाटलेलं दिसलं. "दादाच्या मनात मला न्यायचं होतं, म्हणून त्याला येते म्हटलं. बारक्याला काळजी वाटत होती की सगळं त्याच्या गळ्यात पडेल, त्याला म्हटलं मी आश्रमात जाते. केवढा मोकळा झाला तो! आणि तुला कुठलाच बदल नको होता. तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं."

"पण अशानं कसं होणार?"

"आजवर झालंच ना. गिऱ्हाईक आलं की म्हणतं, अगदी अंगाबरोबर शिवा. त्याला हो म्हणायचं. त्याचं पोट मला दिसतंय, पण नाही म्हणायचं नाही. हो म्हणायचं, आत शिवणीत जादा कापडाची माया सोडायची, आणि पुढे बघून घ्यायचं. कुणी कधी तक्रार केली नाही माझ्याकडे."

मला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. बाबांनाही ती अशीच हो म्हणत आली असेल का? आम्हाला? मला आठवेना तिनं कधी म्हटल्याचं, की मला हे हवं. आठवायचा प्रयत्न करत बसले आणि एकही प्रसंग सापडला नाही. फार वाईट वाटलं.

"आणि तू? तुला काय हवंय?"

"मला चालेल कुठलंही."

"चालेल नको. हवंय काय?"

ती सुई पिनकुशनमध्ये खोचत राहिली. काढली, परत खोचली. मी ब्रेक मारला नाही. मारायला नको, एवढं कळलं.

"तुझ्याकडे," ती म्हणाली.

"काय माझ्याकडे?"

"तुझ्याकडे राहायचंय. तुझ्या खिडकीतून बसथांबा दिसतो. माणसं येतात, उभी राहतात. कोण काय घालून आलंय ते दिसतं दिवसभर. मागे आले होते ना तेव्हा मी बघत बसले होते."

माझं घर म्हणजे दोन खोल्या. मी तिथे एकटी राहते. दिवसभर लोकांवर ओरडून येते आणि दार लावून घेते. तिनं हे म्हणेपर्यंत त्या घराचा विचार कुणीच केला नव्हता. मीसुद्धा नाही. माझ्या तोंडून निघालं, "बघू."

आणि त्याच क्षणी ती हसली. "अगं, गंमत केली! तुझी एवढीशी जागा, मी कुठे मावणार? दादानं खोली रंगवलीये, तिकडेच जाते मी. छान होईल." तिनं कोट पुन्हा मांडीवर ओढला.

किती पटकन केलं तिनं ते! इतक्या सराईतपणे की मी कालची असते तर फसले असते. सुटल्यासारखं वाटून घरी गेले असते, आणि वर दादाला फोन करून सांगितलं असतं, बाबा रे, तूच जिंकलास.

"परत म्हण," मी म्हटलं.

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते. परत म्हण."

"जाऊ दे ना."

"नाही जाऊ देणार. म्हण."

कोटाकडे बघत, अगदी खालच्या आवाजात ती म्हणाली, "मला तुझ्याकडे राहायचंय."

"मला नकोय ते," मी म्हटलं.

बोलून गेले आणि दोघीही दचकलो. पण आता खरं निघालंच होतं तोंडातून. "मी चिडकी आहे, आई. घरी आले की मला कुणाचा आवाज नको असतो. आणि तू मला प्रत्येक गोष्टीला हो म्हणशील. मी म्हणेन दिवा बंद कर, तू करशील. मी म्हणेन गप्प बस, तू बसशील. मी कशी आहे ते मला ठाऊक आहे. मी तुझ्यावर जुलूम करीन आणि तू मला कळूसुद्धा देणार नाहीस. मला त्याची भीती वाटते."

मला रडू येत होतं. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलं नाही की लपवलं नाही. तोंड उघडलं, मिटलं. ओठांवर आलेलं काहीतरी गिळताना दिसली. 'बरं, तू म्हणशील तसं' हेच असणार, आयुष्यभराचं. मी वाट बघत राहिले, ते येईल म्हणून. मग तिनं मांडीवरचा कोट काढून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"तरीपण मला यायचंय," आई म्हणाली.