पॅनेलवरची भाकर

बाबा गेल्यानंतरचं माझं वीजदुरुस्तीचं पहिलं काम महारेस गावच्या तेलघाण्यात निघालं. ऑलिव्हचा लगदा मळणारी मोटर तीन दिवस रोज दहाच्या सुमाराला बंद पडत होती. तिचा वेग सांभाळणारा, पॅनेलच्या पेटीतला ड्राइव्ह तापल्याची खूण दाखवून थांबायचा. अंगणात फळांचे ढीग साचले होते. आणखी एक दिवस गेला असता, तर तेल आंबूस झालं असतं.

"दुपारपर्यंत चालली नाही, तर स्फाक्सहून दुसरा माणूस बोलावतो," मालक सी लाझर म्हणाले. "उस्ता बशीरची मुलगी म्हणून आधी तुझा मान."

"मान राहू द्या, सी लाझर. विजेरी द्या."

वीज तोडली. तोडल्यावरही ती काही मिनिटं ड्राइव्हच्या पोटात उरते; बाबा तेवढा वेळ हात मागे बांधून उभे राहायचे. मीही राहिले. लाल दिवा सावकाश विझला. मीटर लावून खात्री केली, मग तारा तपासल्या. ठीक होत्या. जाळी स्वच्छ होती. पुन्हा चालू केल्यावर पंखा फिरला, करंटही मोजला तर बरोबर होता.

पावणेदहाला तापमानाचा आकडा चढू लागला. आणि बार्लीच्या भाकरीचा वास आला.

"अम तिजानी, पॅनेलवर काय ठेवलंय?"

"नाश्ता!" म्हातारा घाणेकरी हसला; सगळे त्याला अम, म्हणजे काका, म्हणत. "ताज्या तेलाला गरम भाकर नको? बारा वर्षं तिथंच शेकतोय. तुझ्या बापाला चाललं, तुला खुपतंय होय?"

शिडीवर चढले. गरम हवा बाहेर जायच्या झरोक्यावर फडक्यात गुंडाळलेल्या भाकऱ्या होत्या. भोवती ताज्या रंगाने बुजलेली चार भोकं.

"इथं काय होतं?"

तिजानीचा चेहरा उतरला. "लोखंडी घोडी, तुझ्या बापानं बसवलेली. चार दिवसांपूर्वी रंग देताना मीच काढली. वाटलं, भाकर घसरू नये म्हणून असेल."

ती भंगारात सापडली. वीतभर उंच, पाय किंचित फाकलेले. वीज तोडून, दिवा विझेपर्यंत थांबून ती पुन्हा बसवली. मोटर सुरू केली, भाकऱ्या घोडीवर ठेवल्या आणि खाली हात धरला. हवा चारी बाजूंनी मोकळी सुटत होती, तरी भाकर शेकत होती. बोटभर खाली असती तर ड्राइव्ह तापला असता. बोटभर वर, तर भाकर गार. बाबांनी ती उंची किती सकाळी, किती भाकऱ्या ठेवून शोधली असेल? तिजानीला भाकर काढ म्हणाले नाहीत. घरीही कधी बोलले नाहीत.

दहा वाजले. साडेदहा. आकडा हलला नाही. लगदा संथ फिरत होता. सी लाझर फळांची पुढची रास आत घ्यायला सांगून आले.

"चल पोरी, खा," तिजानी म्हणाला.

मी शिडीवर उभी राहूनच खाल्लं. दुसरा हात घोडीखालून काढवेना.