हिनोकाचा स्थिर हात

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी स्टुडिओचा जिना चढून वर आलो तेव्हा हातोरीसान आधीच येऊन बसल्या होत्या. रॉकेलची शेगडी पेटलेली होती, पण खोली अजून तापली नव्हती. अंगातला कोट न काढता, दोन्ही हात बाह्यांत ओढून घेऊन, त्या बंद टीव्हीकडे पाहत होत्या. थंडी आहे, असे त्या म्हणाल्या, आणि मी हो म्हणालो. गेल्या चार महिन्यांत आमच्यात याहून लांबलेले बोलणे झाले नव्हते, कारण चार महिने मी त्यांच्यापासून एक गोष्ट लपवत होतो.

साडेआठला ‘पहाटकन्यां’चे नवे पर्व सुरू व्हायचे होते. दर वर्षी या सुमारास जुनी नायिका निरोप घेते, नवी येते, आणि पुढचे वर्षभर दर रविवारी देशभरातल्या लहान मुली तोंडातला घास विसरून तिच्याकडे पाहत राहतात. ही कार्टून मालिका मोठ्या स्टुडिओची. पूर्वी तांदळाचे दुकान होते त्या घराच्या माडीवर बसणाऱ्या आम्हा सात जणांच्या वाट्याला तिच्यातले फक्त पन्नास सेकंद येत: गणवेशातली एक साधी मुलगी तेजस्वी योद्धी होते, ते रूपांतर. ते एकदाच काढले जाते आणि प्रत्येक भागात तेच पुन्हा वापरले जाते. त्यातली चूक वर्षभर दर आठवड्याला नव्याने दिसते. गेली एकोणीस वर्षे हे रूपांतर हातोरी किनुए यांच्या हातून उतरत होते.

कामाची रीत साधी होती. त्या पेन्सिलीने मुख्य चित्रे काढीत. मी ती खालून उजेड देणाऱ्या काचेवर ठेवून, वर कोरा कागद घालून, एकाच नितळ रेघेत उतरवीत असे. माझे कागद मोठ्या स्टुडिओत जात. तिथल्या मुख्य तपासनिसाला काही खटकले, तर तो चित्रावर पातळ पिवळा कागद लावून त्यावर दुरुस्ती काढतो आणि परत पाठवतो. तोंडाने कोणी काही म्हणत नाही. हातोरीसानांसारख्या बाईला समोरासमोर ‘रेघ चुकली’ म्हणणारा माणूस आमच्या धंद्यात मिळणार नाही. बोलायचे ते पिवळा कागद बोलतो, आणि तो आला नाही म्हणजे सारे ठीक आहे असे धरले जाते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या एका चित्रात नव्या नायिकेच्या, हिनोकाच्या, मनगटाची रेघ मला कापरी दिसली. कागद काचेवर नीट बसला नसेल असे वाटून मी तो पुन्हा बसवला. रेघ तशीच होती. केस ओढून पाहावा आणि तो बारीक बारीक कुरळा निघावा, तशी. मी वर कोरा कागद ठेवला आणि ती सरळ केली. नितळ करणे हेच तर माझे काम, असे मी स्वतःला सांगितले. मग खांद्याची रेघ आली, मग झग्याच्या कडेची, मग डोळ्याची. जानेवारीपर्यंत अशी एकही रेघ उरली नव्हती जी मला थांबवावी लागली नाही. मी त्यांचा हात माझ्या हाताने धरून ठेवला होता आणि त्यांना ते ठाऊक नव्हते. ही माया आहे असे मला वाटत असे. आता वाटते, मला फक्त बोलण्याची भीती होती.

सव्वाआठला बाकीचे आले. रंगांचे काम पाहणाऱ्या सेकिनेसानांनी त्यांच्या मुलीला, फुताबाला, आणले होते. पहिल्या भागाच्या दिवशी ज्याच्या घरी त्या वयाची मुलगी असेल त्याने तिला घेऊन यायचे आणि सगळ्यांनी टीव्हीकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहायचे, हा आमच्याकडचा जुना रिवाज. फुताबा सहा वर्षांची. मालक ओकुदेरासानांनी तिला शेगडीजवळच्या उशीवर बसवले, संत्रे सोलून दिले, आणि या म्हातारबाबांच्या पोटापाण्याचा निकाल आता तुझ्या हातात आहे बरं का, असे तिला बजावले. ती म्हणाली की तुम्ही समोरून सरका आधी. सगळे हसले. हातोरीसानही हसल्या.

पर्वाची सुरुवातच मला अशुभ वाटली. दर वर्षीचे चेरीचे झाड नव्हते, शाळेची धावपळ नव्हती. एक गाव होते आणि त्यातले दिवे एकेक करून विझत होते, आणि कोणालाच त्याचे काही वाटत नव्हते. आई मुलीला काळोखात वाढत होती, मुलगी काळोखात जेवत होती. हिनोका एकटीच विचारत फिरत होती की दिवे कुठे गेले, आणि प्रत्येक जण तिला तेच सांगत होता, कुठे काय, आहेत की. फुताबाच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली. ओकुदेरासानांनी समाधानाने मान हलवली.

मग आमचे पन्नास सेकंद आले. हिनोकाने काळोखात हात पुढे केला, बोटांच्या टोकांवर ठिणगी धरली, आणि मनगट वळवले. रेघ पाण्यासारखी होती. मला माहीत होते ती किती ठिकाणी मोडलेली होती.

ते संपल्यावर ओकुदेरासानांनी कसे वाटले म्हणून विचारले. फुताबाने विचार केला. गेल्या वर्षीची नात्सुमे बदलताना थोडी घाबरायची, आणि तरी बदलायची, असे ती म्हणाली.

‘‘आणि ही?’’

‘‘ही घाबरतच नाही. हिचा हात खोटा आहे.’’

सेकिनेसानांनी तिला गप्प केले आणि सगळ्यांकडे पाहून मान झुकवून माफी मागितली. ओकुदेरासान म्हणाले की अहो, कौतुकच केलंय पोरीने. तेवढ्यात मोठ्या स्टुडिओतून फोन आला. त्यांनी तो उभे राहून घेतला, दिसत नसलेल्या माणसाला चारदा वाकून नमस्कार केला, आणि ठेवल्यावर आम्हाला सांगितले की तिकडे सगळे थक्क झाले आहेत. हातोरीसानांची रेघ वीस वर्षांनी तरुण झाली म्हणतात. उन्हाळ्यात हिनोकाचे दुसरे रूप येणार आहे, तेही त्यांनीच काढावे, आणि या खेपेला सगळे एकटीने, नितळ रेघेच्या चित्रांसकट, दुसऱ्या कोणाचा हात न लागता. मी हो सांगून टाकलंय, ते म्हणाले.

हातोरीसानांनी त्यांचे आभार मानले. मग त्या अगदी सहज म्हणाल्या, तोवर डोळेही नवे झालेले असतील. गुरुवारी ऑपरेशन आहे. गेले काही महिने जवळचे नीट दिसेनासे झाले आहे, रेघ हललेली दिसते, तीनदा चष्मा बदलला. मोतीबिंदू थोडाच आहे, पण कामाला नडत असेल तर काढून टाकू, असे डॉक्टर म्हणाले.

सगळ्यांनी काळजीचे आणि धीराचे शब्द उच्चारले. मी शेगडीकडे पाहत राहिलो. रेघ हललेली दिसते. म्हणजे ती त्यांना दिसत होती. पहिल्या दिवसापासून दिसत होती, आणि त्या पिवळ्या कागदाची वाट पाहत होत्या. तो कधीच आला नाही, म्हणून त्यांनी हाताला सोडून डोळ्यांना दोष दिला होता.

नऊनंतर मंडळी खाली कोपऱ्यावरच्या नूडल्सच्या दुकानात गेली. मी मागे रेंगाळलो. हातोरीसानही उठल्या नाहीत. त्यांनी रेकॉर्ड केलेला भाग पुन्हा लावला, रूपांतरापाशी आणला, आणि हिनोका मनगट वळवते तिथे थांबवला. मग त्या उशी ओढत टीव्हीच्या इतक्या जवळ जाऊन बसल्या की मेजावर कागद असतो तेवढेच अंतर उरले. चष्मा काढला. पुन्हा घातला.

‘‘कुझुमी.’’

‘‘जी.’’

‘‘इतक्या जवळून बघतेय मी. डोळे बिघडलेत ना माझे? मग ही का नाही हलत?’’

त्या माझ्याकडे वळल्या.

‘‘ही रेघ कोणाची आहे?’’

मी खाली बसलो, कपाळ चटईला टेकवले आणि म्हणालो, ‘‘माझी आहे. ऑक्टोबरपासून सगळ्या माझ्या आहेत.’’

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर ते मला सोपे गेले असते. मूळ कागद टाकून दिलेस का, एवढेच त्यांनी विचारले. मी माझ्या मेजाखालून तपकिरी पाकिटे काढली. टाकायचा धीर मला झाला नव्हता आणि दाखवायचाही नाही. त्यांनी ती तारखेप्रमाणे लावली, आणि प्रत्येक पाकिटातून हिनोकाच्या हाताचे तेवढे कागद वेगळे केले: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. चाळीसेक निघाले. मग आम्ही चित्रांची हालचाल तपासायला करतो तसे त्यांनी केले. गठ्ठा डाव्या हातात धरला आणि उजव्या अंगठ्याने कागद भराभर सोडले.

मी ते एकेक करून पाहिले होते. असे, एकामागोमाग, कधी पाहिले नव्हते. कागदांवर एका लहान मुलीचा हात होता आणि तो शहारत होता. आधी मनगटापाशी, मग बोटांत, मग कोपरापर्यंत. एखाद्या माणसाला हळूहळू ताप चढावा तसा. गेल्या चार महिन्यांत त्यांना काय होत होते ते चार सेकंदांत पाहून झाले.

त्यांनी पुन्हा एकदा पाहिले. मग शांतपणे, जणू दुसऱ्या कोणाच्या कामाविषयी बोलत असाव्यात तशा, म्हणाल्या, ‘‘ऑक्टोबरात डॉक्टरकडे गेले असते.’’

‘‘चूक माझी आहे, हातोरीसान.’’

‘‘तू रेघ चांगली काढतोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘गुरुवारचं रद्द करायला हवं. पण कुठल्या डॉक्टरकडे जायचं या हातासाठी?’’

मी शोधतो, उद्याच सकाळी तुमच्याबरोबर येतो, ओकुदेरासानांना आत्ताच खाली जाऊन सगळे सांगतो, असे मी म्हणालो. मला माझाच आवाज परका वाटला. गेल्या दोन वर्षांत या खोलीत मी एवढी वाक्ये सलग बोललो नव्हतो. त्यांनी मान डोलावली. उजवा हात मांडीवर पालथा ठेवला, आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा तसा दाबून धरण्यासाठी डावा हात उचलला, पण त्यात गठ्ठा होता म्हणून तो तसाच अधांतरी राहिला.

मी कोट घेऊन दारापर्यंत गेलो तेव्हा मागून कागदांची सळसळ ऐकू आली. त्या तिसऱ्यांदा पाहत असतील असे वाटून मी वळलो. त्या पाहत नव्हत्या. खिडकीबाहेर त्यांची नजर होती, उजवा हात मांडीवरच होता, आणि डाव्या हातातला गठ्ठा आपोआप सळसळत होता.