सुकाणूशेजारचा सिलिंडर

"पाण्याचा सिलिंडर नको, काकू. डिझेलवर पाणी मारलंत तर आग विझायची सोडून पसरेल," दुकानदार म्हणाला आणि काकूंनी उचललेला आग विझवायचा सिलिंडर खाली ठेवला. आजवर आग म्हटली की पाणी, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

गेल्या आठवड्यात नवऱ्याच्या लाँचमधून धूर निघाला तेव्हा त्या धक्क्यावर उभ्या होत्या. जळाला होता नुसता इंजिनाचा पट्टा. पण भर पाण्यात माणसं किंचाळत होती आणि धुरात नवरा दिसत नव्हता. तेव्हापासून काकूंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"मग हा गॅसचा?"

"बंद खोलीत उत्तम. पण आत माणूस असला तर त्याचाही श्वास कोंडेल."

त्यांचा माणूस तर सदा इंजिनाच्या खोलीत डोकं घालून बसलेला! शेवटी पावडरचा ठरला.

"सगळीकडे पांढरा राडा होईल हं."

"होऊ दे. पुसायला मी आहे."

लाँचवर नवऱ्याने, म्हणजे साऱ्या धक्क्याच्या कप्तानांनी, सिलिंडर उचलला तो थेट इंजिनाच्या खोलीत टांगायला.

"तिथे कुठे?"

"आग इथेच लागणार ना? मग हाताशी नको?"

"अहो, आगीत हात घालून काढणार का तो?" काकूंचा आवाज चिरकला. "बाहेर लावा. सुकाणूपाशी."

"बरं बाई. इथे कप्तान कोण, तेच कळेना," असं पुटपुटत त्यांनी तो बाहेर लावला.

"आता पिन ओढून दाखवा. दांडा दाबू नका."

कप्तानांनी पिनची कडी धरली. बोटं घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. सुजलेली बोटं कडीत शिरतच नव्हती. घरी त्यांच्या शर्टाची बटणं काकूच लावत. पण ही बोटं लाँचवरही तीच असणार, हे कधी मनात आलं नव्हतं.

"गंजली असेल," कप्तान म्हणाले.

पिन कोरी करकरीत होती. "असेल," काकू म्हणाल्या.

उतारू चढू लागले. "उतर आता, सुटायची वेळ झाली."

काकू हलल्या नाहीत. कप्तानांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या फडक्याने सुकाणूशेजारचं बाक पुसून दिलं, आणि काकू सिलिंडरला पाय लागणार नाही अशा बेताने त्यावर बसल्या.