चिंध्यांचं पोतं

धंतोलीत मनोहररावांच्या बंगल्यात वरच्या खोलीची सागवानी जमीन घासून झाली होती. सकाळपासून सुतार जितेंद्र आणि त्याची बायको देवकी त्या फळ्यांवर जवसाचं तेल चोळत होते. भिजलेली प्रत्येक चिंधी देवकी गॅलरीच्या कठड्यावर वेगळी पसरे. तिच्या बापाची, देवाजी सुताराची, ही रीत. तेलाची चिंधी वाळताना तापते. मोकळी असली तर उष्णता वाऱ्यावर जाते, कोंबली तर आतल्या आत साठून पेट घेते.

खालून मनोहरराव ओरडले, की घराची पार शोभा केली.

"धोबीघाट मांडला काय वं?" जितेंद्र म्हणाला. "मालक मले बोलून राहिला."

"असू द्या जी. कोंबल्या तं पेटतात."

"तुह्या बापानं सांगतलं असंन."

त्यानं तिचे केस धरले आणि तोंड फळीवर आपटलं. ओठ फाटला. ताज्या तेलावर रक्त सांडलं, ते त्यानं तिच्याकडूनच पुसून घेतलं. मग ती चिंधी आणि कठड्यावरच्या सगळ्या भुशाच्या पोत्यात दाबून त्यानं सुतळीनं तोंड आवळलं.

जेवण झाल्यावर तो दाराजवळच्या, अजून तेल न लावलेल्या कोऱ्या पट्टीवर आडवा झाला. पोतं त्याच्या डोक्यापासून वीतभर लांब. मे महिना, बाहेर पंचेचाळीस. देवकी उंबरठ्यावर बसून जिभेनं हलणारा दात चाचपत होती.

तीनच्या सुमारास वास बदलला. जवसाचा उग्र वास जाऊन करपलेल्या फोडणीसारखा वास आला. पोत्यावर रुपयाएवढा तपकिरी डाग पडला. देवकी त्याच्याकडे बघत राहिली. डाग काळा झाला, बारीक धूर निघाला. जितेंद्रला उठवायची गरज नव्हती. नुसतं बसून राहिलं की झालं.

लाल कड तागाचे धागे खात पुढे सरकली. एकदम जाळ उठला आणि जितेंद्रचे केस पेटले. तो किंचाळला. देवकीच्या हातांनी मात्र बापानं शिकवलेलं तेवढं केलं. दाराशी भरून ठेवलेली पाण्याची बादली उचलून तिनं त्याच्यावर आणि पोत्यावर पालथी केली.

अर्धं डोकं भाजलेलं, कान सोललेला, अशा अवस्थेत तो उठून बसला. त्याला जमिनीवरचं पाणी दिसलं.

"नव्या तेलावर पाणी टाकलं, रांडे?"

एका हातानं चौकट धरून तो उभा राहिला आणि दुसऱ्या हातानं त्यानं तिचा गळा आवळला. खिळे ठोकायची हातोडी उंबरठ्यावरच होती. देवकीनं ती चौकटीवरच्या मनगटावर घातली. सुकी फळी तडकावी तसा आवाज झाला. गळ्यावरची पकड सुटली. तिनं पुन्हा घातली, त्याच जागी. तो गुडघ्यांवर बसला, मग कुशीवर पडला.

"आता निजून राहा जी," ती म्हणाली.

तिनं पोतं फाडलं. उरलेल्या चिंध्या एकेक करून कठड्यावर पसरल्या, दोन चिंध्यांमध्ये बोटभर अंतर ठेवून. रक्ताची सगळ्यात शेवटी.

कठड्यावर चिंध्या बघून खालून मनोहररावांनी पुन्हा आवाज दिला.

"राहू द्या जी," देवकी वरून म्हणाली. "वाळून राहिल्या."