इंगाचं भांडं

"न्यूयॉर्कच्या चोरांना मी अशी टोपी घातलीय, की बस!" मिनेसोटाहून निघाल्यापासून आर्विड टोलफसन प्रत्येक बसथांब्यावर हेच सांगत आला होता.

टोपी अशी, की परतीच्या बसची तिकिटं आणि होते नव्हते ते सगळे पैसे त्यानं हॉटडिशच्या भांड्याखाली लपवले होते. हॉटडिश म्हणजे खिमा, त्यावर डब्यातलं मशरूमचं सूप, त्यावर बटाट्याचे गोळे, आणि सगळं ओव्हनमध्ये भाजलेलं. ते भांडं एका जाडजूड कापडी पिशवीत.

"खिसा मारतील, पर्स मारतील. पण परक्याचं हॉटडिश कोण पळवणार?"

"माझ्या लेकीच्या हातचं तर कुणीच नाही," सासूबाई बोर्गहिल्ड म्हणाल्या. वय ब्याऐंशी, जीभ मात्र विशीतली.

लेक म्हणजे मार्लिस, आर्विडची बायको. हॉटेलात खायला परवडत नाही म्हणून तिघं तीन दिवस तेच खात होते, आणि तरी ते संपत नव्हतं.

शेवटच्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या बसच्या आधी, ते मॅनहॅटनच्या धक्क्यावरून स्टेटन आयलंडच्या बोटीत बसले. बोट फुकट आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा लांबून दिसतो, मग जवळून बघायला पैसे कोण देणार? पलीकडच्या धक्क्यावर मात्र सगळ्यांना उतरावंच लागतं. आणि मिनेसोटाचा माणूस दारातून कुणाच्या आधी बाहेर पडत नाही.

"तुम्ही आधी."

"नाही नाही, तुम्हीच आधी."

असं करत अख्खी बोट रिकामी झाली. शेवटी खलाशी ओरडला तेव्हा तिघं ओशाळून पळतच उतरले.

धक्क्यावर परतीच्या बोटीची वाट बघत असताना घोषणा झाली, की बोटीत बेवारस पिशवी सापडली आहे, बोट सुटणार नाही. पोलीस कुत्रा घेऊन धावले.

"कुठल्या गाढवाची असेल?" आर्विड चिडला. "आता या गाढवापायी आपली बस चुकणार!"

मार्लिसनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "आर्विड, गाढवाचे दोन्ही हात रिकामे आहेत."

तिघं उलटे बोटीकडे धावले. घर दोन हजार किलोमीटरवर, आणि घरी जायची तिकिटं त्या पिशवीत.

बोटीत पिशवीपुढे कुत्रा बसला होता. कुत्रा बसला म्हणजे स्फोटकं, असं त्याला शिकवलेलं. पण हा बसून लाळ गाळत होता, त्यामुळे पोलीसबाई रोसारिओही जरा गोंधळल्या होत्या.

"तुमचीच कशावरून, काका?"

"भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आहे बघा. त्यावर माझ्या बायकोचं नाव आणि फोन नंबर." आर्विडला धीर आला. चर्चच्या जेवणाला चाळीस भांडी सारखीच येतात, म्हणून गावात प्रत्येक भांड्याला पट्टी असते.

रोसारिओनं भांडं अलगद उचलून वाचलं. "इंगा सोलबर्ग. ही तुमची बायको?"

मार्लिस कानापर्यंत लाल झाली. "ते... चर्चमधून आलं होतं. परत द्यायचं राहून गेलं."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

"पाच," बोर्गहिल्ड म्हणाल्या.

"म्हणजे भांडं चोरीचं," रोसारिओ म्हणाल्या. चोरांना टोपी घालायला निघालेला आर्विड चोराचा नवरा निघाला.

रोसारिओनं पट्टीवरचा नंबर लावला. पलीकडचा आवाज सगळ्या बोटीला ऐकू गेला. "हिरव्या फुलांचं? कोपऱ्याला टवका उडालेलं? माझंच! मार्लिसकडे आहे ना? दरवर्षी विचारते, तर म्हणते 'बघते हं'!"

"म्हणजे या लोकांना तुम्ही ओळखता?"

"ओळखता काय? सख्खी शेजारीण आहे माझी! द्या तिला भांडं. पण सांगा, रिकामं परत आणायचं नाही."

भांड्याखाली तिकिटं होती, पैसेही होते. जरा तेलकट, पण तारीख स्वच्छ वाचता येत होती. आर्विड मटकन बाकावर बसला. मार्लिस हसता हसता डोळे पुसत होती. शेवटचे दोन गोळे कुत्र्याला मिळाले.

परतीच्या बोटीत आर्विडनं पिशवी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. बोर्गहिल्ड मात्र ज्याला पिशवी सापडली त्या खलाशाचे आभार मानायला गेल्या. तो त्रिनिदादचा डेझमंड. मिनेसोटात निरोप घ्यायला तासभर लागतो. आधी बसून 'चला मग', मग उभ्यानं, मग दारात, मग गाडीच्या खिडकीतून.

मॅनहॅटन आलं. या वेळी आर्विड कुणालाही 'तुम्ही आधी' म्हणाला नाही. बायकोचा हात धरून तो सगळ्यांच्या पुढे बाहेर पडला आणि धक्क्यावर थांबून त्यानं तपासलं. पिशवी, तिकिटं, बायको. सगळं जागेवर. त्यानं केवढा तरी मोठा श्वास सोडला.

"आणि आई?" मार्लिस म्हणाली.

बोट स्टेटन आयलंडला परत निघाली होती. कठड्याशी बोर्गहिल्ड डेझमंडचा निरोप घेत होत्या, आणि अजून पहिलंच 'चला मग' चाललं होतं.