भिंतीकडची रांग

नांदेडहून बदली होऊन आलेल्या इंदूबाईंना एका गोष्टीचा भारी तिटकारा होता, तो म्हणजे वर्गातली कुजबुज. वडील मास्तर, आजोबाही मास्तर. वर्ग कसा, टाचणी पडली तरी ऐकू यावा, हे बाळकडू त्यांना घरातच मिळालेलं. आणि निलंग्याच्या पलीकडे, कर्नाटकाला खेटून असलेल्या या गावात चौथीची भिंतीकडची रांग दिवसभर कुजबुजत असे. त्या रांगेत खालच्या गल्लीतली पोरं बसायची. त्यांच्या मधोमध शिवगंगा नावाची एक किडकिडीत पोरगी. बाईंनी गणित घातलं की आधी हिचे ओठ हलत आणि मग रांगेतल्या पाट्या वर येत. उत्तरं बहुतेक बरोबर! ही पोरगी सगळ्यांना उत्तरं पुरवते, असं बाईंनी ताडलं.

सहामाहीच्या तोंडावर त्यांनी ती रांगच मोडली. शिवगंगेला दाराजवळ बसवलं, त्याच रांगेतल्या मलप्पाला फळ्यासमोर आणि बाकीच्यांना वरच्या गल्लीतल्या पोरांमध्ये एकेक करून पेरलं. वर्ग चिडीचूप झाला. बाई खूश झाल्या.

सहामाहीत खालची गल्ली साफ झोपली.

दुसरं कुणी असतं तर 'उघडी पडली ना लबाडी' म्हणून हात झटकून मोकळं झालं असतं. पण इंदूबाईंना एक खोड होती. एखादी गोष्ट जुळली नाही की त्यांना जेवण गोड लागत नसे. उत्तरं शिवगंगा पुरवत होती, तर निदान ती तरी पहिली यायला हवी होती. तीही नापासच होती. मग ती बरोबर उत्तरं यायची तरी कुठून?

कोडं लवकर सुटायला हवं होतं. शाळा चौथीपर्यंतच. पाचवीसाठी ओढा ओलांडून चार कोस जावं लागे. पोरगे जात, पोरींना कोण पाठवतो? त्यात दुष्काळाचं साल, त्यामुळे चौथी झालेली पोर आईबरोबर खडी फोडायला जाऊन बसे. पण लातूर जिल्हा नवा झाला होता आणि नव्या जिल्ह्याचे साहेबही नव्या उमेदीचे होते. जिथली चौथी पक्की दिसेल तिथे पाचवीचा वर्ग द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. तपासणी तोंडावर आली होती आणि इथे अर्धा वर्ग नापास.

इंदूबाई खालच्या गल्लीत निघाल्या. पोरं उपाशी असतील, पाण्यासाठी ताटकळत असतील, घरी अभ्यास घेणारं कुणी नसेल, अशी कारणं मनाशी घोळवीतच त्या मलप्पाच्या घरी पोचल्या. त्याची आई गुरम्मा हिने बसायला घोंगडी टाकली.

"अभ्यास करतो का हा?"

"हाव बाई, लई करतो की," गुरम्मा म्हणाली आणि पोराकडे वळून कानडीत काहीतरी भडाभडा बोलली. तिचं मराठी तेवढ्यावरच आटोपलं होतं.

बाईंनी मलप्पाला जवळ घेतलं. पाढे घडाघडा आले. मग त्यांनी पुस्तकातल्यासारखं विचारलं, "एका बैलास दररोज चार पेंढ्या कडबा लागतो, तर दोन बैलांस एका आठवड्यात किती पेंढ्या लागतील?"

मलप्पा टकामका बघत राहिला. एवढ्यात घागर घेऊन चाललेली शिवगंगा दारात थबकली. सवयीनं तिच्या तोंडून कानडी निघून गेलं आणि मलप्पानं क्षणभर डोळे मिटून बरोबर उत्तर ठोकून दिलं. शिवगंगेनं जीभ चावली.

"बाई, म्या उत्तर न्हाई सांगितलं. आईशप्पत! गणितच सांगितलं."

इतके दिवस इंदूबाई ज्याला लबाडी म्हणत होत्या, ते हे होतं होय!

"अगं, मग आधी का नाही बोललीस?"

"तुमीच म्हणलात की, गप बसा."

गावाला यात नवल असं काही नव्हतंच. इंदूबाईंच्या आधीचे, आता निवृत्त झालेले शिवप्पा गुरुजी याच गल्लीतले. ते मराठीतून सुरू करत आणि कानडीत कधी शिरत ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. बाजारापुरतं मराठी सगळ्या पोरांना येई. 'बैलास' आणि 'लागतील' आलं की गाडं अडे. गुरुजी गेले आणि ते काम शिवगंगेनं कुणी न सांगता उचललं. तिची आई जगदेवी मराठी मुलखातली, मुखेडकडची, त्यामुळे शिवगंगेला दोन्ही भाषा येत.

दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा भिंतीकडे बसली. कुजबुज सुरू झाली आणि बरोबर उत्तरंही परत आली. इंदूबाई स्वतः हट्टाला पेटल्या. मधल्या सुट्टीत पोरांकडून त्या कानडी आकडे शिकत आणि पोरं त्यांच्या उच्चारांवर खिदळत. त्यातच त्यांना दिसलं की सगळ्यांच्या पाट्या भरतात, शिवगंगेची मात्र कोरी राहते. सगळ्यांना सांगून होईपर्यंत पुढचं गणित येई. स्वतः गणित सोडवायची सवयच तिला उरली नव्हती, म्हणून सहामाहीत तीही नापास झाली होती. हे बरं नाही, हे बाईंना कळत होतं. पण तपासणी जवळ आली होती. नंतर बघू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तो 'नंतर' काही आला नाही.

तपासणीला विस्तार अधिकारी बापूसाहेब आले. त्यांनी मलप्पाला गणित घातलं. शिवगंगा कुजबुजली, मलप्पानं कानडीत उत्तर दिलं, तिनं ते मराठीत सांगितलं.

"वा!" बापूसाहेब हसले. "आणि उत्तर त्याचं की हिचं, हे कुणी ठरवायचं?"

इंदूबाईंनी शिवगंगेला बाहेर पाठवलं. मग पदर खोचून त्या मलप्पासमोर उभ्या राहिल्या आणि अडखळत म्हणाल्या, "वंद एत्तिग दिनक्क मूर पेंढी. ऐद एत्तिग वारक्क एष्ट?" एका बैलाला रोज तीन पेंढ्या, तर पाच बैलांना आठवड्याला किती? वर्ग खदखदून हसला. मलप्पानं हसत हसतच पाटीवर एकशे पाच लिहून पाटी साहेबांपुढे धरली. मग साहेबांनी एकेकाला उठवलं, बाईंनी कानडीत विचारलं आणि पाट्या बरोबर येत गेल्या.

"पाचवी मिळेल तुम्हाला," बापूसाहेब म्हणाले. "तशी शिफारस करतो. पण त्या पोरीला आत घ्या. सगळ्यांचं ऐकलं, तिचं राहिलं."

इंदूबाईंना तिची कोरी पाटी आठवली. जिच्या जिवावर पाचवी गावात येणार, तीच चौथीत राहणार की काय!

शिवगंगा आत आली. साहेबांनी विचारलं, "गल्लीत पंधरा घरं. टँकरवर घराला सहा घागरी. तीन घरांतली माणसं ऊसतोडीला गेली. एकूण किती घागरी लागतील?"

शिवगंगा झटकन रांगेकडे वळली आणि कानडीत सांगू लागली.

"त्यांना नव्हे. तुला विचारलंय."

"मला?"

ती गोंधळून बाईंकडे बघू लागली. इंदूबाईंनी मान हलवली. पोरगी खाली बसली, पेन्सिल धरली, लिहिलं, पुसलं. बाहेर जीपचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. बापूसाहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

तिनं डोकं वर काढलं. "साहेब, म्हातारी माणसं मागं ठिवून गेलेत का समदेच गेलेत?"

बापूसाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "समदेच," ते म्हणाले.

"मग बहात्तर. म्हातारी असती तर त्यांना बी लागलं असतं पाणी."

"बरोबर," बापूसाहेब हलकेच म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली.

भिंतीकडची रांग अस्वस्थ झाली. मलप्पा मान लांब करून विचारू लागला, "एन? एन अंदळ?" काय, काय म्हणाली ती? शिवगंगा सांगायला वळणार, तेवढ्यात इंदूबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि आपल्या मोडक्यातोडक्या कानडीत रांगेला बहात्तरचा आकडा स्वतःच सांगितला, "एप्पत्तेरड."